अक्काचं पुढचं पुस्तक

वरणगाव
१४ जून १९९३

अभिमन,

मी भागा. हे मीच लिहिते. दुसरं कोणी लिहीत नाही. तुझे दाजी बाजारात गेले. मी दार लावून बसले.

आमचा साक्षरतेचा वर्ग संपला. परीक्षा झाली. मी पास. मला कागद मिळाला. दाजींनी त्याला काच लावली.

गौतमचंद शेठची कुसुमलता शिकवत होती. तिचं लगन झालं. ती चाळीसगावला गेली. आता कोणाला विचारू?

वर्गात चार पुस्तकं दिली. एकात साबण. एकात हातपंप. एकात लस टोचा. एकात बचत करा. सगळी वाचून झाली. परत वाचली. साबण मला ठाऊक आहे. मला गोष्ट पाहिजे.

तुझ्या दुकानात पुस्तकं आहेत. माझ्या जोगं पाठव. फार जाड नको.

हात दुखतो. थांबते.

तुझी अक्का


धुळे
२२ जून १९९३

अक्का,

मायना मुद्दाम एका शब्दाचा ठेवला. तीर्थरूप आणि साष्टांग लिहीत बसलो असतो तर तू तिथेच अडकली असतीस आणि मजकूर उद्यावर गेला असता. पाया भाऊबीजेला पडेन.

तुझं पत्र दुकानात आलं. समोरचं गिऱ्हाईक तसंच सोडून वाचलं. ते म्हणालं, "काय शेठ, लॉटरी लागली?" म्हटलं, "बहीण पास झाली." "कितवीला आहे?" म्हटलं, "नात शाळेत जाते तिची." त्याने पुस्तकाची घासाघीस सोडून दिली. तुझ्या नावाने माझा धंदा झाला.

मी कसा शिकलो ते तुला कधी सांगितलं नाही. दुसरीतून शाळा सुटली, पुढे धुळ्याला बाइंडरच्या हाताखाली खळ लावायला लागलो, एवढं तुला माहीत आहे. तिथे छापलेले मोठे कागद दुमडून पानं जुळवायची असत. आकडे जुळवता जुळवता अक्षरं ओळखीची झाली. पण माझ्या हातात गोष्टीचं मधलंच पान यायचं. पुढचं पान शेजारी बसलेल्या तोतारामकडे. मी विचारायचो, "पुढे काय झालं रे?" तो म्हणायचा, "मले काय ठाव, मी उलटं धरेल शे." त्या पुढच्या पानापायी मी वाचायला शिकलो. कोणी शिकवलं नाही, भूक लागली म्हणून शिकलो. तुला गोष्ट पाहिजे म्हणतेस म्हणजे भूक लागली आहे. आता काळजी नाही.

तीन पुस्तकं बुकपोस्टाने पाठवली आहेत. दोन अगदी सोपी, टाईप मोठा. तिसरं एक पायरी वरचं. सोप्यापासून सुरू कर. अडलेला शब्द सोडून पुढे जायचं. तो पुन्हा कुठेतरी भेटतो, आणि दुसऱ्यांदा भेटला की ओळख देतो.

दाजींना नमस्कार.

अभिमन


वरणगाव
२ ऑगस्ट १९९३

अभिमन,

पुस्तकं मिळाली. बांधलेली दोरी जपून ठेवली आहे.

दोन वाचून झाली. खरं सांगते, राग मानू नको. त्यात वाघ बोलतो, माकड बोलतं, मगर बोलते. माणसं कुठे गेली? माझे गुडघे दुखतात, केस पांढरे झाले, आणि मी माकडाचं बोलणं वाचते. शेजारची बेबाबाई आली न् म्हणते, "नातीचं पुस्तक का वं भागाबाई?" मी पुस्तक पदराखाली घातलं.

तिसरं मोठ्या माणसांचं आहे. पण अक्षर बारीक. एका पानाला दुपार गेली. खालच्या ओळीला आले तोवर वरची ओळ विसरले. ती बाई कोणाची सून होती तेच आठवेना. ठेवून दिलं.

तुझे दाजी रोज संध्याकाळी मोठ्याने वाचतात. तुला ठाऊक आहे. मगन माझ्या मांडीवर होता तेव्हापासून वाचतात. फॅक्टरीच्या कॉलनीतून पुस्तक आणायचे, आता रिटायर झाले तरी आणतात. ते वाचतात, मी तांदूळ निवडते, वाती वळते. ते वाचतात तेव्हा मला सगळं समजतं. कोण कोणाची सून, तेसुद्धा. मग डोळ्यांनी का समजत नाही? माझे कान शहाणे आणि डोळे अडाणी, असं आहे का?

मला सोपं आवडत नाही आणि अवघड जमत नाही. मधलं काही असतं का?

भागा


धुळे
१४ ऑगस्ट १९९३

अक्का,

माकडाबद्दल माफी. चूक माझी. मी टाईप बघितला, वाचणारी बाई बघितली नाही.

पण तुझ्या पत्रातच मधली पायरी सापडली. कान शहाणे आहेत ना? मग कानांना डोळ्यांचं बोट धरू दे. जी गोष्ट तू आधी ऐकली आहेस तीच आता वाचायची. माणसं ओळखीची, घर ओळखीचं. अर्धा शब्द दिसला की उरलेला आपोआप जिभेवर येईल.

आणि कोणती गोष्ट ते मला विचारायचीसुद्धा गरज पडली नाही. आमच्याकडे आली होतीस त्या वर्षी तू आमच्या लेकरांना ती नावाड्याची गोष्ट सांगितली होतीस. तापीकाठचा नावाडी, त्याची पोर सोनी. पुरात तिला ताप चढतो. बाप तिला नावेत घालून पलीकडच्या वैद्याकडे नेतो. वैद्य औषध देतो, पोर बरी होते, आणि शेवटी स्वतः वल्हं हातात घेते. तू सांगत होतीस तेव्हा आमची कार्टी जागची हलली नव्हती. म्हणाली होतीस, "दाजींनी वाचून दाखवलेल्या बठ्ठ्या गोष्टींत ही मला सगळ्यांत आवडते."

ते पुस्तक मला रद्दीच्या एका गठ्ठ्यात मिळालं. अंगावरचा पुठ्ठा गेला होता, मी नवा चढवला. शिलाई पक्की, टाईप चांगला ठळक, पानं कमी. गोष्ट तुझ्या तोंडून ऐकलेलीच आहे, म्हणून आत डोकावलो नाही. आजच टाकतो आहे.

एक अट. दाजींना दाखवायचं नाही, विचारायचंही नाही. ते बाहेर गेले की वाच. दिवाळीच्या पाडव्याला ते ओवाळून घ्यायला बसले की पुस्तक काढ आणि म्हण, "आज मी वाचते, तुम्ही ऐका." त्यांचं तोंड कसं होतं ते मला कळव.

अभिमन


वरणगाव
११ सप्टेंबर १९९३

अभिमन,

मजकूर थोडा आहे म्हणून कार्डावर भागवतो.

फडताळात एक पुस्तक दिसलं. तू पाठवलंस असं समजलं. यापुढे तिला अशी पुस्तकं पाठवू नकोस. तिच्या डोळ्यांना त्रास होतो, पाणी येतं. वाचायचंच असेल तर व्रताच्या कहाण्या आहेत, देवाची पुस्तकं आहेत. बाकीचं मी संध्याकाळी वाचून दाखवतोच. आजवर कधी खंड पडला नाही.

हे पुस्तक परत मागवून घे. तू मागितलंस असं तिला वाटलं पाहिजे.

कौतिक


धुळे
१८ सप्टेंबर १९९३

दाजी,

तुमचं कार्ड वाचलं, आणि पोस्टमननेही वाचलं असणार, कारण तो मला विचारत होता, "पाव्हणे रागावले का?"

डोळ्यांना पाणी येतं म्हणता. येणारच. माझ्याही आलं होतं, पहिलं अख्खं पान वाचलं तेव्हा. ते डोळ्याचं दुखणं नव्हतं.

रागावू नका, पण एक बोलतो. इतकी वर्षं घरात वाचणारे तुम्ही एकटे होता. ओट्यावर बसून वाचायचं आणि बाकीच्यांनी गुपचूप ऐकायचं. अर्धी आळी तुम्हाला मान देत होती. आता खुर्चीला वाटेकरी आला म्हणून तर जड जात नाही ना? जड जाऊ देऊ नका. मी बाइंडरकडे वाचायला लागलो तेव्हा मालक म्हणाला होता, "खळ लावणाऱ्याने अक्षराकडे बघायचं नाही." तुम्ही त्या मालकाच्या पंगतीला बसू नका, एवढंच.

पुस्तक परत मागवणार नाही. पाडव्यापर्यंत थांबा. तुमच्यासाठीच काहीतरी चाललं आहे.

अभिमन


वरणगाव
४ ऑक्टोबर १९९३

अभिमन,

तुझं पुस्तक परत पाठवते आहे. मला वाचता येत नाही. जे आलं असं वाटलं होतं ते खरं नव्हतं.

ऐक काय झालं. पहिली पानं भराभर गेली. तू म्हणालास तसंच झालं, शब्द आपोआप तोंडात येत होते. मला इतका आनंद झाला की भाजी करपली. पूर आला, ताप आला, नाव निघाली. सगळं ऐकलं होतं तसंच. मग वैद्याचं पान आलं. तिथे माझं चुकलं.

माझ्या वाचण्यात सोनी मरते.

मी पुन्हा वाचलं. बोट ठेवून वाचलं. प्रत्येक अक्षर सुटं सुटं वाचलं. चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात ओट्यावर बसून वाचलं. तरी मरतेच. नावाडी रिकामी नाव घेऊन परत येतो असं मला दिसतं. पण तसं नाही, अभिमन. ती बरी होते. तुझ्या दाजींनी मला वाचून दाखवली आहे, मी किती जणींना सांगितली आहे.

मला वाटलं आपलं काहीतरी राहून जातंय. तुझी अट मोडली आणि त्यांना विचारलं. पुस्तकाचं नाव नाही काढलं, सहज म्हणून विचारलं, "ती नावाड्याची सोनी, ती शेवटी बरी होते ना हो?" ते कंदिलाची काच पुसत होते. म्हणाले, "होते की. तूच तर सांगतेस सगळ्यांना."

मग चुकलं कोणाचं? त्यांनी कॉलनीतली सगळी पुस्तकं वाचली. मी एक वर्ग केला. जिथे एवढं मोठं चुकतं तिथे बारीक बारीक किती चुकलं असेल? तुझी पत्रंसुद्धा मी बरोबर वाचली का नाही, कोण जाणे.

कुसुमलताने हौसेने शिकवलं, कागद दिला. तो कागद मी भिंतीवरून काढून ठेवला आहे. खोटा वाटतो.

संध्याकाळी ते वाचतात तेवढं पुरे आहे मला.

भागा


धुळे
११ ऑक्टोबर १९९३

दाजी,

हे पत्र घरी न पाठवता गौतमचंद शेठच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतो आहे. तुमच्या घरात आता वाचणारं माणूस आहे. ते माणूस म्हणतं आपल्याला वाचता येत नाही, तरी मला खात्री आहे.

पुस्तक परत आलं. मी दुकानाची फळी अर्धी लावून ते शेवटपर्यंत वाचलं. पुस्तकांच्या धंद्यात इतकी वर्षं आहे, आणि जे बहिणीच्या हातात दिलं ते उघडून पाहिलं नव्हतं. पुठ्ठा पाहिला, शिलाई पाहिली. आत काय आहे ते पाहिलं नाही.

सोनी मरते. अक्काने अक्षर न् अक्षर बरोबर वाचलं.

मग मला तुमच्या कार्डाचा अर्थ लागला. मी तुम्हाला खुर्चीवरून टोमणे मारले, ते मागे घेतो. तुम्ही खुर्ची सांभाळत नव्हता.

तुम्ही कधी बोलला नाहीत, पण तो दिवस मला आठवतो. अक्का मगनच्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. तुमची थोरली, वच्छला, तुमच्याजवळ राहिली, कारण तिला शाळेत घातलं होतं. तार आली तेव्हा अक्का बाळंतिणीच्या खोलीत होती आणि घरात कोणाला वाचता येत नव्हतं. तार घेऊन मी गावात फिरलो. मास्तर बाहेरगावी गेलेले. शेवटी पारावर बसलेल्या एका पाव्हण्याने वाचली, मोठ्याने. आमच्या पोरीचं जाणं आधी गावाला कळलं, मग घराला. अक्काला सुइणीने सांगितलं. ती उठून चालायलाही लागली नव्हती, तिला भुसावळच्या दवाखान्यात कोण नेणार? तिने पोरीचं तोंड पाहिलं नाही. तुम्ही एकटे होता तिथे.

मी वाचायला शिकलो ते त्या तारेमुळे. तोतारामच्या पानाचं लोकांना सांगतो, कारण त्यावर हसता येतं.

दाजी, तुम्ही सोनीला का जगवलंत ते मला कळतं. पण आता एकाच घरात दोन गोष्टी आहेत, एक तुमच्या तोंडची आणि एक छापलेली. आणि अक्का त्यात स्वतःला खोटी धरते आहे. तिने भिंतीवरचा कागद काढला. तुम्हाला दिसलं असेल.

तिला मी उत्तर दिलेलं नाही. काय लिहू?

अभिमन


वरणगाव
२१ ऑक्टोबर १९९३

अभिमन,

भिंतीवर खिळा दिसतो. रोज दिसतो.

तू सगळं जोडून काढलंस, तुझे कान लहानपणापासून तिखट. पण एक गोष्ट तुला वाटते तशी नाही. मी ठरवून काही केलं नाही. ती मगनला घेऊन घरी आली तेव्हा घरात आवाज नव्हता. ती बोलेना, मी बोलेना. बोलायला तोंड उघडलं की दवाखाना निघेल अशी धास्ती. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. शांतता मोडायची म्हणून कॉलनीतून पुस्तक आणलं आणि वाचायला बसलो. कुठलं पुस्तक, आत काय, काही न बघता आणलेलं. ते हेच नावाड्याचं.

वाचता वाचता ते पान समोर आलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. मी ओळ बघितली, आणि माझ्या तोंडून "औषध लागू पडलं" असं गेलं. मग पुढचं पुढचं सुचत गेलं. वल्हं वगैरे. तिचा हात पुन्हा चालू झाला. वाचून झाल्यावर म्हणाली, "बरं आहे. पुस्तकात लेकरू मरत नाही." एवढ्या दिवसांतलं तिचं ते पहिलं लांब वाक्य.

मग मी ते तसंच ठेवलं. पुढे पुस्तक आणलं की आधी फॅक्टरीत जेवणाच्या सुट्टीत वाचून काढायचो. कुठे काय आहे ते बघून ठेवायचं. बरोबरचा धनसिंग म्हणायचा, "कौतिकभाऊ, तुझी परीक्षा आहे का रे?" मी खोटं वाचलं असं तू म्हणशील. मी तिच्यासाठी थोडी जागा राखली, असं मला वाटतं. जिथे काही होत नाही अशी.

आता तू मला एक मदत कर. तू पुस्तकांतला माणूस आहेस, तुझं ती मानते. तिला लिही की या पुस्तकाच्या दोन आवृत्त्या आहेत. जुनीत पोर जगते, नवीत लेखकाने शेवट बदलला. म्हणजे तिचंही बरोबर आणि माझंही बरोबर. कोणाचंच नुकसान नाही.

मी तिला तोंडावर "होते की" म्हणालो. त्यानंतर ती माझ्या वाचण्याला बसते, पण हातात काही घेत नाही. नुसती बसते.

कौतिक


धुळे
२९ ऑक्टोबर १९९३

दाजी,

आवृत्तीची युक्ती झकास आहे. मला सुचली नाही याचा राग आला. गिऱ्हाइकाला मी याहून मोठ्या थापा मारल्या आहेत, आणि ही अक्काला पटेलसुद्धा. कागद पुन्हा खिळ्यावर जाईल. आपण सगळे सुटू.

पण पुढचं पुस्तक आलं की? त्याच्याही दोन आवृत्त्या? तिसऱ्याच्याही? ती प्रत्येक पानाला आपल्याला विचारेल, "हे खरंच असं छापलंय का रे?" ज्याला आपल्या डोळ्यांवर भरवसा नाही त्याला कुठलंच पुस्तक सोपं नाही. मी तिला एक पायरी चढवायला निघालो होतो. तुमची ही थाप मारली तर होती ती पायरीसुद्धा माझ्याच हाताने काढून घेतल्यासारखं होईल.

म्हणून मी ते लिहिणार नाही. खरं काय तेही लिहिणार नाही. ते माझ्या तोंडून तिला कळलं तर पारावरच्या पाव्हण्याने वाचलेल्या तारेसारखं होईल. एकदा झालं तेवढं बस.

भाऊबीजेला येतो. पुस्तक घेऊन येतो आणि तुमच्या हातात देतो. पुढे तुम्ही.

तुम्ही राखलेल्या जागेबद्दल मला काही वाकडं बोलायचं नाही. फक्त त्या जागेत तिने आता राहायचं की नाही, ते तिला विचारून घ्या.

अभिमन


वरणगाव
२८ नोव्हेंबर १९९३

अभिमन,

तू आलास, ओवाळून घेतलंस, करंज्यांना नावं ठेवत ठेवत ताट संपवलंस, आणि गेलास. पुस्तकाबद्दल चकार शब्द नाही. मला वाटलं, बहीण नापास झाली म्हणून लाजतोय. मग दिसलं की पुस्तक फडताळात आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. मी हात लावला नाही.

चार-सहा दिवस तसेच गेले. एका संध्याकाळी मी वाती वळायला बसले. तुझे दाजी आले, पुस्तक वर्तमानपत्रातून सोडवलं, चष्मा लावला. मला वाटलं वाचतील. ते पान शोधत होते. सापडल्यावर पुस्तक माझ्याकडे केलं न् म्हणाले, "वाच."

म्हटलं, "मला येत नाही."

"येतं. वाच."

वैद्याचं पान होतं. मी मोठ्याने वाचलं. हळूहळू वाचलं, पण अडले नाही. पोर मेली, नाव रिकामी परत आली, पुस्तक मिटलं. ते म्हणाले, "तुझं बरोबर आहे. असंच छापलं आहे. पहिल्यापासून असंच होतं." बस, एवढंच. मग ते गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले, साहेबाच्या केबिनबाहेर बसतात तसे.

मला आधी काय वाटलं सांगू? आनंद झाला. लाज वाटते सांगायला. मला वाचता येतं, हेच आधी मनात आलं. मग राग आला. असा आला की चार दिवस मी बोलले नाही. स्वयंपाक केला, पाणी दिलं, बोलले नाही. बेबाबाई विचारायला आली, "काय वं, घरात कोणी आजारी शे का?"

चौथ्या दिवशी ते म्हणाले, "तुला सोसलं नसतं, म्हणून केलं." तेव्हा मात्र मी बोलले. म्हटलं, "सोसलं नसतं म्हणजे? सोसून झालं होतं. तुम्ही विचारलं का कधी?"

अभिमन, त्यांना जे कळलं नाही ते तुलाही कळलं नसेल, म्हणून लिहिते. ते वाचायचे आणि प्रत्येक पुस्तकात लेकरू बरं व्हायचं. पुरातून निघायचं, तापातून उठायचं, हरवलेलं घरी यायचं. मी ऐकायची. चांगलं वाटायचं, नाही असं नाही. पण रात्री पडल्यावर वाटायचं, इतक्या घरांतली लेकरं बरी होतात. माझंच कसं गेलं? सगळ्यांच्या आया जवळ होत्या, मी नव्हते, म्हणून गेलं. त्या पुस्तकांतल्या बायांचा मला हेवा वाटायचा. ते सगळं माझ्या सुखासाठी चाललंय हे मला काय ठाऊक!

आणि ते पान मी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांनी वाचलं, माझं चुकतंय असं वाटत होतं, त्याच दिवसांत मला एकदा असंही वाटलं होतं की, अगं बाई, या नावाड्याचीही गेली. कोणीतरी हे लिहून ठेवलंय. मग म्हटलं नाही, आपलंच चुकलं असेल.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी विचारलं, आणखी कोण कोण गेलं होतं? त्यांनी एकेक सांगितलं. ती सासुरवाशिणीची गोष्ट होती ना, तिचा मुलगा. मेंढपाळाची धाकटी. मला जिवंत म्हणून ठाऊक असलेली किती लेकरं त्या संध्याकाळी गेली! त्यांना सगळी नावानिशी पाठ आहेत. इतकी वर्षं ते ती एकटेच सांभाळत होते. तेव्हा माझा राग उतरला.

सांगता सांगता ते थांबले. मग मी विचारलं, "आणि आपली?"

असं मी कधी विचारलं नव्हतं. त्या दवाखान्यात काय झालं, ती काय बोलली, कोणाला हाक मारली, तिच्या अंगावर कोणता झगा होता. काही विचारलं नव्हतं. त्यांनी सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न गाळता. गाळत असते तर मला कळलं असतं, आता मला त्यांचं गाळणं ओळखू येतं.

वच्छला काय बोलली ते मी इथे लिहीत नाही. लिहिता येतं, तरी लिहीत नाही.

कागद पुन्हा भिंतीवर लावला. ते म्हणाले, "मी लावतो," मी म्हटलं, "राहू द्या, खिळ्यापर्यंत माझा हात पुरतो."

आता संध्याकाळी कधी ते वाचतात, कधी मी. मी वाचते तेव्हा त्यांना झोप लागते, इतकी मी सावकाश वाचते. ते पुस्तक संपलं. दुसरं पाठव. या वेळी जरा जाड चालेल. कोण मरतं, कोण जगतं ते आधी बघून निवडू नको. अक्षर तेवढं मोठं बघ.

तुझी अक्का